घरच्या घरी विजेची गिटार

तंबोरा तुम्ही पाहिलाच असेल. मिरजेचे कारागीर तंबोरा करताना भोपळा किती पारखून घेतात, हेही कदाचित ऐकले असेल. आता एक कल्पना करा. तंबोऱ्याचा भोपळा काढून टाकला आणि त्याच तारा एका जाड लाकडी फळीवर ताणून बसवल्या, तर काय होईल? तार छेडली की ती कंप पावेल, पण तिचा आवाज जेमतेम तुमच्यापुरता येईल. शेजारच्या खोलीत तो पोचणार नाही. तार अतिशय बारीक असते. ती स्वतः फारच थोडी हवा हलवू शकते. तारेची कंपने घोडीतून तबलीला आणि तबलीतून भोपळ्यातील हवेला मिळतात, तेव्हा कोठे आवाज मोठा होतो.

मग विजेच्या गिटारीचे काय? तिच्यात भोपळा नाही, पेटी नाही. बहुतेक गिटारींचे अंग म्हणजे सुमारे चार सेंटिमीटर जाडीची भरीव फळीच असते. तरी तिचा आवाज हजारो माणसांच्या मैदानावर घुमतो. ही करामत कशी होते आणि असे वाद्य घरच्या घरी, साध्या हत्यारांनी घडवता येते काय, हे आपण ह्या लेखात पाहू. त्यासाठी एका मुलाने आणि त्याच्या वडिलांनी खरोखर घडवलेल्या गिटारीचेच उदाहरण घेऊ.

भोपळ्याचे काम लोहचुंबकाकडे

१८३१ साली मायकेल फॅरेडे ह्या इंग्रज शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की तारेच्या वेटोळ्यातून जाणारे चुंबकीय क्षेत्र बदलले, की वेटोळ्यात वीज निर्माण होते. ह्यालाच विद्युत्चुंबकीय प्रवर्तन म्हणतात. सायकलचा डायनामो ह्याच तत्त्वावर चालतो.

विजेच्या गिटारीत तारांच्या खाली एक लोहचुंबक बसवलेला असतो आणि त्याच्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे काही हजार वेढे गुंडाळलेले असतात. ह्या भागाला पिकअप म्हणतात. वाद्याची तार पोलादाची असल्यामुळे चुंबकाच्या सान्निध्यात तीही चुंबक बनते. तार सेकंदाला ३३० वेळा हलली, की वेटोळ्यातील चुंबकीय क्षेत्रही सेकंदाला ३३० वेळा कमीजास्त होते आणि तितक्याच वारंवारतेची वीज वेटोळ्यात उमटते. ही वीज अगदी क्षीण असते. ॲम्प्लिफायर तिला मोठी करतो आणि ध्वनिक्षेपक तिचा पुन्हा आवाज बनवतो. तार पितळेची किंवा नायलॉनची असेल, तर पिकअपला तिचा पत्ताच लागत नाही.

अमेरिकेत १९३१-३२ च्या सुमारास जॉर्ज बीचम आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर ह्यांनी अशा पिकअपची ॲल्युमिनियमची गिटार तयार केली. गोल अंग आणि लांब दांडी पाहून लोक तिला ‘तळणीचा तवा’ म्हणू लागले. पुढे १९४०-४१ च्या सुमारास लेस पॉल ह्या वादकाने पाइनच्या चार इंच जाड आणि चार इंच रुंद ओंडक्यावरच तारा व पिकअप बसवले. दिसायला ती गिटार वाटावी म्हणून त्याने दोन्ही अंगांना जुन्या गिटारीचे दोन अर्धे भाग जोडले. त्याने तिला नाव दिले ‘ओंडका’!

पण एवढा खटाटोप कशासाठी? पोकळ गिटारीवर पिकअप बसवून भागले नसते का? भागत असे, पण एक अडचण होती. ध्वनिक्षेपकाचा मोठा आवाज पोकळ पेटीला हलवतो, पेटी तारेला हलवते, पिकअप ते पुन्हा ॲम्प्लिफायरकडे धाडतो, आवाज आणखी वाढतो आणि हे चक्र चालूच राहते. सभेत ध्वनिवर्धकाने अचानक कर्कश शीळ घातलेली तुम्ही ऐकली असेल, तोच हा प्रकार. जड, भरीव लाकूड सहज हलत नाही, म्हणून हे चक्र आवाक्यात राहते. शिवाय तारेची ऊर्जा पेटी हलवण्यात लवकर खर्च होत नाही, म्हणून स्वर अधिक वेळ टिकतो.

फेल्टममधील पितापुत्र

लंडनच्या पश्चिमेला फेल्टम नावाचे उपनगर आहे. तेथे ब्रायन मे नावाचा मुलगा राहत असे. दुकानातील चांगली विजेची गिटार घेणे त्याच्या घराला परवडणारे नव्हते. त्याचे वडील हॅरोल्ड मे हे इलेक्ट्रॉनिक्समधील जाणकार होते आणि हाताने वस्तू करण्याची त्यांना हौस होती. १९६३ च्या ऑगस्टमध्ये, ब्रायन सोळा वर्षांचा असताना, दोघांनी गिटार घरीच करायची असे ठरवले. हे काम सुमारे दोन वर्षे चालले.

सामान कोठून आले ते पाहा. दांडीसाठी एका जुन्या शेकोटीच्या वरची महोगनी लाकडाची फळी मिळाली. तिला कीड लागून भोके पडली होती. ती त्यांनी आगकाड्या ठोकून बुजवली. अंगासाठी जुन्या टेबलाचे ओक लाकूड आणि ब्लॉकबोर्ड वापरला आणि वरून महोगनीचा पातळ पापुद्रा चिकटवला. बोटे कोठे ठेवावीत ह्याच्या खुणा म्हणून आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्याच्या गुंड्या बसवल्या. स्वर हलवण्याच्या दांड्यासाठी सायकलच्या बैठकीमागे पिशवी अडकवण्याची सळई आली आणि तिच्या टोकाला विणकामाच्या सुईचा तुकडा लागला. स्प्रिंगा आल्या त्या १९२८ सालच्या एका मोटारसायकलच्या एंजिनातून!

ही यादी वाचून वाटेल, की मिळेल ते जोडून ही गिटार झाली. तसे मुळीच नाही. पडद्यांची तार त्यांनी दुकानातूनच विकत आणली. पडद्यांची जागा, तारांचा ताण आणि घर्षण ह्या तीन बाबतींत तर त्यांनी कसलीही तडजोड केली नाही. कोठे जुन्या वस्तूवर भागते आणि कोठे केसभरही चूक चालत नाही, हे त्यांना नेमके कळले होते. हे कसे कळते? त्याचे उत्तर तारेच्या नियमात आहे.

तारेचे तीन नियम

तारेचा स्वर तीन गोष्टींवर ठरतो: लांबी, ताण आणि एक मीटर तारेचे वस्तुमान. लांबी निम्मी केली, की वारंवारता दुप्पट होते. ताण चौपट केला, की वारंवारता दुप्पट होते. तार जितकी जड, तितका स्वर खाली येतो. एक मीटर तारेचे वस्तुमान चौपट झाले, तर वारंवारता निम्मी होते. गिटार घडवणे म्हणजे ह्या तीन गोष्टींवर ताबा मिळवणे.

पहिली कसोटी: पडद्यांची जागा

सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले असतात. स्वर जरा चुकला, तर वादक पडदा सरकवून घेतो. गिटारीचे पडदे लाकडात ठोकून बसवलेले असतात. एकदा बसवले की बसवले. म्हणून त्यांची जागा आधी गणिताने काढावी लागते.

एका सप्तकात बारा स्वर असतात. गिटारीत ह्या बारा स्वरांतील अंतरे सारखी ठेवलेली असतात. मधल्या ‘सा’पासून वरच्या ‘सा’पर्यंत वारंवारता दुप्पट होते. म्हणून अशी संख्या हवी, की तिने बारा वेळा गुणले असता बरोबर २ यावेत. ती संख्या आहे १.०५९४६. प्रत्येक पडद्यावर तारेची मोकळी लांबी आधीच्या लांबीला ह्या संख्येने भागून मिळते.

खुंट्यांकडच्या टोकाला तारा जिच्यावर टेकतात, त्या पट्टीला मेरू म्हणतात. मेरू आणि घोडी ह्यांत ६०० मिलीमीटर अंतर आहे असे समजा. तर मेरूपासून पडद्यांची अंतरे मिलीमीटरमध्ये अशी येतील:

पहिला पडदा ३३.७
दुसरा ६५.५
तिसरा ९५.५
चौथा १२३.८
पाचवा १५०.५
सहावा १७५.७
सातवा १९९.५
आठवा २२२.०
नववा २४३.२
दहावा २६३.३
अकरावा २८२.२
बारावा ३००.०

बारावा पडदा बरोबर मध्यावर आला, हे ध्यानात घ्या. तेथे लांबी निम्मी होते आणि वरचा ‘सा’ मिळतो. तसेच, पडदे घोडीकडे जाताना जवळजवळ येत जातात. ब्रायनच्या गिटारीत मेरूकडून घोडीपर्यंतचे अंतर २४ इंच, म्हणजे ६०९.६ मिलीमीटर आहे आणि पडदे २४ आहेत. हिशेब केला तर तिच्यात पहिल्या पडद्याचे घर ३४ मिलीमीटरांचे, तर चोविसाव्याचे अवघे ९ मिलीमीटरांचे येते.

पूर्वीचे कारागीर बाराव्या मुळाचे गणित न करता एक सोपा नियम वापरीत. उरलेल्या लांबीचा अठरावा भाग घ्यायचा आणि तेथे पडदा बसवायचा. हा नियम व्हिन्चेन्झो गॅलिली ह्याने १५८१ सालच्या आपल्या ग्रंथात दिला. हा व्हिन्चेन्झो म्हणजे दुर्बिणीतून गुरूचे उपग्रह पाहणाऱ्या गॅलिलिओचा पिता! ह्या नियमाने आपल्या ६०० मिलीमीटरच्या तारेवर बारावा पडदा ३०० ऐवजी सुमारे २९७.८ मिलीमीटरवर येतो, म्हणजे दोन मिलीमीटरांहून थोडी अधिक चूक. अठराऐवजी १७.८१७ ने भागले, तर चूक राहत नाही.

दोन मिलीमीटरांनी काय बिघडते, असे तुम्ही म्हणाल. लगतच्या दोन स्वरांतील अंतराचे शंभर भाग करा. तयार कानाला पाच-सहा भागांचा फरक कळू शकतो. आपल्या ६०० मिलीमीटरच्या तारेवर पहिला पडदा एक मिलीमीटर चुकला, तर स्वर सुमारे ३ भागांनी चुकतो. पण चोविसाव्या पडद्यावर तारेची उरलेली लांबी फक्त १५० मिलीमीटर असते. तेथे तीच एक मिलीमीटरची चूक स्वर सुमारे साडेअकरा भागांनी बिघडवते. चूक तेवढीच, परिणाम जवळजवळ चौपट!

म्हणून मोजमापाचा एक नियम कायमचा ध्यानात ठेवा. प्रत्येक पडद्याचे अंतर मेरूपासूनच मोजावे. एका पडद्यापासून पुढचा, त्याच्यापासून त्याच्या पुढचा असे मोजत गेलात, तर प्रत्येक वेळची अर्ध्या मिलीमीटरची चूक साठत जाऊन बाराव्या पडद्याशी सहा मिलीमीटरपर्यंत पोचू शकते. नकाशा काढताना, भिंत बांधताना किंवा शेताची मोजणी करताना हाच नियम लागू पडतो.

दुसरी कसोटी: ताण

०.२३ मिलीमीटर व्यासाची पोलादी तार २४ इंचांवर ताणून सेकंदाला ३३० कंपने मिळवायची असतील, तर तिला सुमारे ५२ न्यूटन ताण द्यावा लागतो. म्हणजे त्या केसाएवढ्या तारेला पाच किलोग्रॅमांहून अधिक वजन टांगल्यासारखे झाले. सहा तारांचा एकूण ताण सुमारे ३५ किलोग्रॅम वजनाइतका होतो. पाचवी-सहावीतील एखादा मुलगा दांडीच्या टोकाला रात्रंदिवस लोंबकळत आहे, अशी कल्पना करा!

एवढ्या ताणाने दांडी वाकते. ती वाकली, की तारा पडद्यांपासून उंच जातात आणि वाजवणे कठीण होते. म्हणून दांडीच्या आत पोलादाची सळई घालतात. ती तारांच्या ओढीविरुद्ध दांडीला ताठ ठेवते. ब्रायनच्या गिटारीतही अशी सळई आहे.

जुने लाकूड निवडण्याचा फायदाही येथेच कळतो. ओल्या लाकडातील पाणी उडून जाताना लाकूड आकसते आणि पिळवटते. शेकोटीवर वर्षानुवर्षे वाळलेल्या फळीत ह्याची भीती कमी असते. तिला भोके असली तरी चालतात, पण ती ताठ व सरळ असावी लागते. ब्रायनने ही दांडी मुख्यतः चाकूने तासून हाताच्या मापाची केली. त्याचा हात त्या जाड दांडीला सरावलेला राहिला.

तिसरी कसोटी: घर्षण

विजेच्या गिटारीवर बहुधा एक दांडा असतो. तो दाबला, की घोडी किंचित कलते, सर्व तारा सैल पडतात आणि स्वर खाली घसरतो. दांडा सोडला, की स्वर पूर्ववत व्हावा अशी अपेक्षा असते. किती सैल व्हावे लागते? स्वर एका घराने उतरण्यासाठी ताण सुमारे ११ टक्क्यांनी कमी व्हावा लागतो. पूर्ण सप्तक उतरायचे, तर ताण चौथाईवर यावा लागतो.

त्या काळच्या अनेक गिटारींत दांडा सोडल्यावर तारा मूळ स्वरावर परत येत नसत. दोष घर्षणाचा होता. तार मेरूच्या खाचेत किंवा घोडीवर अडकून राहते आणि ताणाचा थोडा भाग पलीकडे कोंडला जातो. ताणात केवळ एक टक्क्याचा फरक राहिला, तरी स्वर सुमारे साडेआठ भागांनी चुकतो. हे कानाला खटकते.

मे पितापुत्रांनी ह्यावर तीन उपाय केले. प्रयोगशाळेतील रासायनिक तराजू तुम्ही पाहिला असेल. त्याची दांडी पात्यासारख्या धारेवर टेकलेली असते, म्हणून ती मिलिग्रॅमच्या फरकानेही कलते. त्यांनी आपली कलणारी पट्टी अशाच कठीण पोलादी धारेवर बसवली. एका बाजूने तारा ओढतात, दुसऱ्या बाजूने मोटारसायकलच्या दोन स्प्रिंगा; पट्टी मध्ये तोलून राहते. दुसरा उपाय म्हणजे घोडीवर प्रत्येक तारेखाली एक छोटे चाक. तार मागेपुढे झाली, की चाक फिरते आणि तार घासत नाही. तिसरा उपाय मेरूपाशी. तेथे त्यांनी धातूचा एक जास्तीचा ‘शून्यावा’ पडदा बसवला. तार त्याच्यावर टेकते आणि तेथून जवळजवळ सरळ रेषेत खुंटीकडे जाते. वाकण जितके कमी, तितके घर्षण कमी.

एंजिनातील स्प्रिंग येथे का चालली, हेही आता लक्षात येईल. एंजिनातली झडप मिनिटाला हजारो वेळा उघडमीट करते. तिची स्प्रिंग दाबून सोडली, की दर वेळी मूळ लांबीवरच येते. गिटारीला नेमका हाच गुण हवा होता. स्प्रिंग जुनी होती, पण तिचा गुण पारखलेला होता.

पिकअपची गोष्ट

पिकअपही घरीच करून पाहिले गेले. लहान लोहचुंबक आणून ब्रायनने त्यांच्यावर तांब्याची तार गुंडाळली. आवाज आला, पण तार बोटाने आडवी ओढून स्वर चढवताना तो विचित्र होई. चुंबकांच्या ध्रुवांच्या मांडणीमुळे असे होत होते. शेवटी त्याने बर्न्स ह्या इंग्रज कंपनीचे तीन पिकअप विकत घेतले. तेही जसेच्या तसे बसवले नाहीत. वेटोळ्याचे सुटे वेढे स्वतःच थरथरले, की नको असलेली शीळ निघते. म्हणून त्याने ती वेटोळी ॲराल्डाइटमध्ये भरून घट्ट केली.

पिकअप तीन कशाला? तार एकाच वेळी अनेक प्रकारांनी कंप पावते. ती पूर्ण लांबीने हलते, त्याच वेळी दोन, तीन, चार भागांतही हलते. ह्या भागांच्या कंपनांतून निघणाऱ्या उंच स्वरांना अधिस्वर म्हणतात. घोडीजवळ मूळ कंपन लहान असते, म्हणून तेथील पिकअपला अधिस्वर तुलनेने अधिक ऐकू येतात आणि आवाज तीक्ष्ण होतो. दांडीजवळच्या पिकअपला मूळ स्वर अधिक मिळतो आणि आवाज भरदार, गोल होतो.

ब्रायनच्या गिटारीत प्रत्येक पिकअपसाठी दोन बटणे आहेत. एक चालू-बंद करण्याचे आणि दुसरे त्या पिकअपची वीज उलटी करण्याचे. दोन पिकअपांपैकी एकाची वीज उलटी केली, की दोघांत समान असलेला मूळ स्वर बराचसा वजा होतो. काही अधिस्वर मात्र दोन्ही ठिकाणी उलटसुलट हलत असल्याने बेरजेत येतात. एवढ्या एका बटणाने आवाज पार बदलतो. शाळेत शिकलेली धन आणि ऋण चिन्हांची बेरीज-वजाबाकीच येथे कानांनी ऐकता येते.

आणखी एक गंमत. ही गिटार पूर्ण भरीव नाही. तिच्या अंगात मुद्दाम पोकळ कप्पे ठेवले आहेत. ध्वनिक्षेपकाच्या आवाजाने तारा पुन्हा हलाव्यात आणि स्वर लांबत जावा, असे त्या दोघांना थोड्या प्रमाणात हवेच होते. जो दोष टाळण्यासाठी लेस पॉलने ओंडका वापरला, तोच दोष काबूत ठेवून त्यांनी कामाला लावला.

करून पाहा: एका तारेची गिटार

पूर्ण गिटार करण्याआधी एका तारेवर हात बसवा.

सुमारे ९० सेंटिमीटर लांब, ७ सेंटिमीटर रुंद आणि २ सेंटिमीटर जाड अशी सरळ, सुकी फळी घ्या. वाद्यांच्या दुकानातून गिटारीची सर्वांत बारीक पोलादी तार आणा. फळीच्या एका टोकाला स्क्रू लावून तार पक्की बांधा. त्या टोकाजवळ ४ मिलीमीटर उंचीची कठीण लाकडाची पट्टी चिकटवा, हा मेरू. तेथून बरोबर ६०० मिलीमीटरवर ७ मिलीमीटर उंचीची घोडी ठेवा. फळी टेबलावर शिकंज्याने पक्की करा आणि तारेचे दुसरे टोक टेबलाच्या कडेला लावलेल्या लहान कप्पीवरून खाली सोडा. त्याला पाण्याचा डबा टांगा. डबा जमिनीपासून चार बोटेच उंच राहू द्या आणि त्याच्याखाली पाय ठेवू नका. तार तुटून डोळ्याला लागू शकते, म्हणून चष्मा अवश्य घाला आणि मोठ्या माणसाला जवळ बसवा.

डब्यासह वजन १ किलोग्रॅम होईल इतके पाणी घाला आणि तार छेडा. आता वजन ४ किलोग्रॅम करा. स्वर बरोबर एक सप्तक चढला का? घोडीवर घर्षण फार असेल, तर उत्तर चुकेल. घोडीच्या माथ्यावर मेणबत्ती घासा आणि पुन्हा पाहा. मे पितापुत्रांना छोटी चाके का लावावी लागली, ते तुमच्या कानांनाच कळेल.

आता वरच्या यादीतील अंतरे मेरूपासून मोजून टोकदार पेन्सिलीने खुणा करा. प्रत्येक खुणेवर सायकलच्या स्पोकचा तुकडा चिकटवा; हे झाले पडदे. कडा कानशीने घासून बोथट करा. तार पडद्याच्या किंचित मागे दाबून वाजवा आणि पेटीच्या स्वरांशी ताडून पाहा. बाराव्या पडद्यावर वरचा ‘सा’ मिळायला हवा. खऱ्या गिटारीत तारेची दोन्ही टोके बांधलेली असतात. त्यामुळे तार दाबताना ती थोडी ताणली जाते आणि स्वर किंचित चढतो. तो परत उतरवण्यासाठी घोडी हिशेबापेक्षा एखाद-दोन मिलीमीटर मागे बसवतात.

पिकअपसाठी जुन्या टेलिफोनचा रिसीव्हर मिळाला तर उत्तम. त्यात लोहचुंबक आणि वेटोळे दोन्ही आयते असतात. वरची पातळ लोखंडी चकती काढा आणि चुंबकाची टोके तारेखाली सुमारे ३ मिलीमीटरवर ठेवा. वेटोळ्याच्या दोन्ही तारा बॅटरीवर चालणाऱ्या लहान ॲम्प्लिफायरला जोडा. घरातल्या विजेवर चालणारे उपकरण उघडू नका. तार छेडा आणि ऐका. मग पिकअप घोडीजवळून मेरूच्या बाजूला सरकवत आवाज कसा बदलतो, त्याची वहीत नोंद करा.

पुढे काय झाले?

ब्रायन मे लंडनच्या इंपीरियल कॉलेजात भौतिकशास्त्र शिकला. १९७० साली त्याच्या नव्या वाद्यवृंदात गायक म्हणून सामील झाला फारुख बलसारा, म्हणजे फ्रेडी मर्क्युरी. ह्या फ्रेडीचे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीला झाले होते आणि तेथेच तो मित्रांबरोबर वाद्यवृंदात पियानो वाजवत असे. त्यांच्या ‘क्वीन’ ह्या वाद्यवृंदात ब्रायनने आपली घरची गिटारच वाजवली. जून २००२ मध्ये बकिंगहॅम राजवाड्याच्या गच्चीवर उभे राहून त्याने इंग्लंडच्या राष्ट्रगीताची धून वाजवली, तीही ह्याच गिटारीवर. सूर्याभोवतीच्या धुळीच्या गतीवरचा त्याचा प्रबंध संगीतामुळे अर्धवट राहिला होता. तोही पूर्ण करून २००७ मध्ये त्याने पीएच.डी. मिळवली.

मित्रांनो, ह्या गिटारीत महागडे असे फारसे काही नव्हते. तरी ती चाळीस वर्षांनंतरही सुरात होती. कोणतीही वस्तू घडवायला घ्याल तेव्हा आधी कागदावर दोन रकाने करा. एका रकान्यात लिहा, कोठे मिळेल ते साहित्य चालेल. दुसऱ्यात लिहा, कोठे माप चुकून चालणार नाही. पहिला रकाना तुमचे पैसे वाचवील. दुसऱ्यासाठी मोजपट्टी, कानस आणि भरपूर वेळ राखून ठेवा. मग ती वस्तू एका तारेची गिटार असो, दुर्बीण असो, की पवनचक्की.